सुई करमुक्त झाली, गोळीचे काय?

वस्तू आणि सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाले, तेव्हा तेहतीस औषधांवरील कर पूर्णपणे उठला. कर्करोग आणि दुर्मीळ आजारांवरील औषधांच्या त्या यादीत रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवणारी तीन इंजेक्शनेही होती: ॲलिरोक्युमॅब, इव्होलोक्युमॅब आणि इन्क्लिसिरान. कोलेस्टेरॉलची रोज घ्यायची साधी गोळी मात्र इतर औषधांच्या रांगेत राहिली; तिच्यावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. निर्णयाचे स्वागत झाले आणि ते रास्तच होते. परंतु या सवलतीने सामान्य रुग्णाच्या आयुष्यात नेमका किती फरक पडतो, हे कराच्या तक्त्यावरून कळत नाही. त्यासाठी एखादा प्रत्यक्ष मुलूख डोळ्यांसमोर धरावा लागतो.

पांढुर्णा आणि सौसर हा तसा मुलूख आहे. गोमंतकीय वाचकाला ही नावे दूरची वाटतील. नागपूरहून भोपाळकडे जाणारा लोहमार्ग महाराष्ट्राची हद्द ओलांडली की पांढुर्ण्याला पोहोचतो. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर सौसर लागते. संत्री आणि कापूस पिकवणारा, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी बोलणारा हा पट्टा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. जिल्हा नवा असला तरी जुनी वाट बदललेली नाही. छातीत कळ आली तर इथल्या माणसाची धाव दूरच्या भोपाळकडे नसते. ती सुमारे शंभर किलोमीटरांवरच्या नागपूरकडे असते.

याच परिसराने २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये औषधाचे दुसरे, भयंकर रूप पाहिले. छिंदवाडा, पांढुर्णा आणि बैतूल या जिल्ह्यांतील वीसहून अधिक मुले खोकल्याच्या दूषित औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत शेवटचा श्वास घेतला. एकीकडे दिल्लीत अत्याधुनिक इंजेक्शने करमुक्त होत होती, आणि दुसरीकडे या मुलखात दुकानातून आणलेल्या बाटलीवरचा विश्वास उडत होता. कोलेस्टेरॉलच्या औषधांचा विचार या दोन घटनांच्या मधोमध उभे राहून करायला हवा.

गोळी काय करते

कोलेस्टेरॉल हे मुळात विष नव्हे. पेशींची आवरणे, पित्तरस आणि काही संप्रेरके यांसाठी ते लागते, आणि त्याचा मोठा वाटा शरीर स्वतःच तयार करते. रक्तातून त्याची ने-आण करणाऱ्या कणांपैकी ‘एलडीएल’ हे कण जास्त झाले की ते धमन्यांच्या भिंतीत शिरतात, तेथे साठतात, आणि वर्षानुवर्षे वाढलेला तो थर एके दिवशी फुटून रक्ताची गुठळी होते. हृदयविकाराचा झटका म्हणजे बहुतेक वेळा ही गुठळी.

जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासल्यानंतर १९७३ मध्ये तांदळावरच्या एका बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले. त्यांचे निधन जून २०२४ मध्ये झाले. या वर्गातील पहिले औषध, लोव्हास्टॅटिन, १९८७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारे एक विकर असते. स्टॅटिन त्याला अडवते. यकृताच्या पेशीला कोलेस्टेरॉलची चणचण भासू लागते आणि ती आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राहक वाढवते. त्यामुळे रक्तातील एलडीएल यकृतात खेचले जाते. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले.

पुढची औषधे याच व्यवस्थेच्या निरनिराळ्या दारांवर काम करतात. इझेटिमाइब आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाण्यास अटकाव करते. बेम्पेडोइक आम्ल स्टॅटिनच्याच मार्गावर, पण त्याच्या आधीच्या टप्प्यावर काम करते. ते यकृतात गेल्यावर सक्रिय होते, स्नायूंत होत नाही. करमुक्त झालेल्या तीन इंजेक्शनांचे लक्ष्य ‘पीसीएसके९’ नावाचे प्रथिन आहे. हे प्रथिन एलडीएल पकडणाऱ्या ग्राहकांचा नाश घडवते. ॲलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब त्याला रक्तातच बांधून ठेवतात. इन्क्लिसिरान यकृतात ते तयार होण्याआधीच त्याची आज्ञा पुसून टाकते. म्हणून सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर ते वर्षातून दोनदाच घ्यावे लागते.

सुईचे सामर्थ्य मोठे आहे. जन्मजात अतिकोलेस्टेरॉल असलेल्यांना किंवा पुरेशा गोळ्या घेऊनही एलडीएल न उतरणाऱ्यांना तिचा खरा उपयोग होतो. परंतु कर शून्य झाला तरी तिची मूळ किंमत संत्रा बागायतदाराच्याही आवाक्यात येत नाही. मजुराची तर गोष्टच नको. आणि बहुसंख्य रुग्णांना तिची गरजही नसते. ॲटोर्व्हास्टॅटिनची ४० किंवा ८० मिलिग्रॅमची गोळी एलडीएल जवळपास निम्म्यावर आणते. तिला इझेटिमाइबची जोड दिली की आणखी सुमारे वीस टक्के उतार मिळतो. स्टॅटिनची मात्रा नुसती दुप्पट केली तर मात्र भर पडते ती अवघी सहा टक्क्यांची. म्हणून एकाच गोळीचा आकडा वाढवत नेण्यापेक्षा वेळेवर दुसरे स्वस्त औषध जोडणे शहाणपणाचे. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदयविकार आणि पक्षाघाताच्या गंभीर घटना जवळपास एक पंचमांशाने कमी होतात, हे लाखाहून अधिक व्यक्तींच्या एकत्रित अभ्यासातून सिद्ध झाले आहे.

हा लाभ गोळी चालू असेपर्यंतच मिळतो. ती बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल पूर्वपदावर येते. तापाच्या किंवा जंतुसंसर्गाच्या औषधासारखा तिचा कोर्स नसतो.

८१ टक्क्यांचा अर्थ

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ८१.२ टक्के प्रौढांच्या रक्तातील मेदात काही ना काही बिघाड आढळला, आणि हा आकडा जाहिरातींपर्यंत पोहोचला. त्याच सर्वेक्षणात एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले २४ टक्के आणि एलडीएल वाढलेले सुमारे २१ टक्के होते. उरलेल्या बिघाडात मोठा वाटा ‘एचडीएल’ कमी असण्याचा आणि ट्रायग्लिसराइड्स जास्त असण्याचा आहे. एचडीएल औषधाने वाढवून झटके टळतात का, हे तपासणारे मोठमोठे प्रयोग निष्फळ ठरले. ट्रायग्लिसराइड्स उतरवणाऱ्या पेमाफायब्रेटचा २०२२ चा प्रयोगही हृदयविकार टाळण्यात अपयशी ठरला. तेव्हा ८१ टक्क्यांना गोळी हवी, असा अर्थ कोणी काढू नये. तेथे चालणे, वजन, तंबाखू सोडणे आणि ताटातील पीठ-साखरेचे प्रमाण यांना पर्याय नाही.

गोळी कोणाला, हे आता बरेचसे स्पष्ट आहे. ज्यांना झटका येऊन गेला, ज्यांच्या धमनीत स्टेंट बसला, ज्यांना पक्षाघात झाला, त्यांना ती निश्चित हवी. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेह्यांपैकी बहुतेकांना हवी. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत अत्यंत जोखमीच्या रुग्णांसाठी एलडीएल ५५ मिलिग्रॅमच्या खाली आणण्याचे लक्ष्य आहे. या तपासणीसाठी दरवेळी उपाशीपोटी रक्त देण्याची अटही त्यांनी शिथिल केली. शहरात ही बाब किरकोळ वाटेल. पहाटे उठून पहिल्या बसने तालुक्याला येणाऱ्या आणि दुपारपर्यंत रांगेत बसणाऱ्या शेतमजुरासाठी ती किरकोळ नाही.

पंधरा दिवसांनंतर

इथून प्रश्न औषधशास्त्राचा उरत नाही, व्यवस्थेचा होतो. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मोफत मिळतात आणि ही योजना राज्याच्या सीमेपलीकडच्या संलग्न रुग्णालयातही चालते. पांढुर्ण्याच्या रुग्णाला नागपुरात अँजिओप्लास्टी करून घेता येते, हे मोठेच काम आहे. परंतु रुग्णालयातून घरी गेल्यानंतर या योजनेतून औषधांचा खर्च मिळतो तो पंधरा दिवसांपुरता. स्टेंट आयुष्यभराचा असतो. तो आणि शेजारच्या धमन्या मोकळ्या ठेवणारी गोळीही आयुष्यभराची असते. सोळाव्या दिवसापासून तो माणूस आणि त्याची चिठ्ठी, दोघे एकटे पडतात.

ती चिठ्ठी महाराष्ट्रातल्या डॉक्टरची असते. औषध घ्यायचे असते मध्य प्रदेशात. चिठ्ठी इंग्रजीत, वेष्टन इंग्रजीत, सरकारी केंद्रातला व्यवहार हिंदीत, आणि रुग्णाचे मन मराठीत. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची पाठ्यपुस्तके हिंदीत आणली, तेव्हा रुग्णाला कळणाऱ्या भाषेचा मोठा उद्घोष झाला. त्या न्यायाने पांढुर्णा-सौसरच्या रुग्णाला ‘ही गोळी कधीच बंद करायची नाही’ हे एक वाक्य मराठीत लिहून मिळायला हरकत नसावी.

गोळी सुटण्याची कारणे साधी असतात. आकडा खाली आला की ‘आता बरे झाले’ असे वाटते. पीक हातात येईपर्यंत खर्च टाळला जातो. पाय दुखले की दोष गोळीकडे जातो. यांतल्या शेवटच्या शंकेला २०२० च्या एका ब्रिटिश प्रयोगाने मार्मिक उत्तर दिले. स्टॅटिनमुळे त्रास होतो म्हणून ते सोडलेल्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यात आली. खऱ्या गोळीवर झालेल्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग खोट्या गोळीवरही तसाच जाणवला. याचा अर्थ स्नायूंची इजा होतच नाही असा नाही. ती क्वचित होते, आणि तीव्र वेदनांसह लघवी गडद झाली तर डॉक्टरांकडे तातडीने गेलेच पाहिजे. सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन याच इजेमुळे २००१ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले होते. पण कुरकुरणाऱ्या गुडघ्यापायी हृदयाचे संरक्षण काढून घेणे हा सौदा तोट्याचा आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. त्या दिवशी डॉक्टर, रुग्णवाहिका आणि पोलीस सज्ज असतात, कारण दगडाची जखम डोळ्यांना दिसते. धमनीतला थर कोणाला दिसत नाही. त्यासाठी एकही दिवस नेमलेला नाही. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोगांसाठी सरकारी चाळणी तपासणी होते. त्या यादीत कोलेस्टेरॉलला जागा मिळालेली नाही. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मधुमेहासाठी जी उद्दिष्टे स्वीकारली, त्यांत चाळिशी ओलांडलेल्या ६० टक्के मधुमेह्यांना २०३० पर्यंत स्टॅटिन मिळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. मधुमेह्यांची नोंदवही आरोग्य केंद्रात असतेच. त्यात ‘स्टॅटिन चालू आहे का’ हा एक रकाना वाढवायला नवे रुग्णालय बांधावे लागत नाही.

संत्र्याच्या बागेतली शंका

या गोळीसोबत आंबट फळे खाऊ नयेत, असा समज सर्वत्र पसरला आहे. संत्र्यावर संसार चालणाऱ्या मुलखात तो विशेष बोचरा ठरतो. त्यामागचे तथ्य नेमके जाणून घ्यावे. सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात ॲटोर्व्हास्टॅटिन यांचे विघटन आतडे व यकृतातील एका ठरावीक विकराकडून होते. ग्रेपफ्रूट या फळातील काही द्रव्ये त्या विकराला निकामी करतात. मग औषध रक्तात साचते आणि स्नायूंना इजेचा धोका वाढतो. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि गोड संत्रे यांचा संकर आहे, आणि ही द्रव्ये त्याच्यात पपनसाकडून आली. नागपुरी संत्रे वेगळ्या जातीचे. त्यात ती जवळजवळ नसतात. म्हणून पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याने आपल्या बागेतले संत्रे खाण्यासाठी गोळी थांबवायचे कारण नाही. मधुमेह असेल तर रसाऐवजी फळ आणि तेही बेताने, एवढेच पथ्य. जपायला हवे ते पपनसाला. चतुर्थीच्या माटोळीत पपनस बांधणाऱ्या गोव्याने ही गोष्ट अधिक लक्षात ठेवावी.

खरी सावधगिरी फळांपेक्षा इतर औषधांबाबत हवी. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा बुरशीच्या संसर्गावरचे इट्राकोनॅझोल त्याच विकराला अडवते. जेमफायब्रोझिल आणि स्टॅटिन ही जोडी टाळावी. ट्रायग्लिसराइड्ससाठी गरज पडलीच तर फेनोफायब्रेट त्यातल्या त्यात सुरक्षित. गरोदरपणात सर्वसाधारणपणे स्टॅटिन थांबवतात. खोकल्या-तापासाठी दुसऱ्या दवाखान्यात गेलेल्या रुग्णाने आपली रोजची गोळी दाखवली पाहिजे. दोन राज्यांत उपचार घेणाऱ्याने तर जुनी चिठ्ठी सदैव जवळ ठेवावी.

न दिसणारा दोष

आता त्या बाटलीकडे परत येऊ. ‘कोल्ड्रिफ’च्या नमुन्यात तामिळनाडूच्या औषध प्रशासनाला डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. हे विष पातळ औषधातील द्रावकाच्या वाटेने शिरते. कोरड्या गोळीत तसा द्रावक नसतो, म्हणून त्या भीतीपोटी स्टॅटिन टाकून देणे चुकीचे. पण गोळीचा दोष वेगळ्या प्रकारचा असतो. त्याच सुमारास अमेरिकेत, भारतात बनलेल्या ॲटोर्व्हास्टॅटिनच्या १ लाख ४० हजारांहून अधिक बाटल्या परत मागवल्या गेल्या. त्यांतली गोळी विरघळण्याच्या चाचणीत उतरली नव्हती. न विरघळणारी गोळी पोटातून जाते, पण रक्तात पुरेशी पोहोचत नाही.

विषारी बाटली काही दिवसांत मूल हिरावून नेते आणि देश हादरतो. निकृष्ट स्टॅटिन कोणालाही ताबडतोब मारत नाही. रुग्ण नेमाने गोळी घेतो, त्याला काहीच जाणवत नाही, आणि पाच वर्षांनी झटका आला तर तो नशिबाचा मानला जातो. अमेरिकेत हा दोष पकडला गेला आणि जाहीर झाला. सौसरच्या दुकानातील त्याच औषधाच्या दुसऱ्या एखाद्या तुकडीबाबत ते कोण तपासेल आणि कोणाला कळवेल? केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला निकृष्ट नमुन्यांची यादी प्रसिद्ध करतात. ती इंग्रजीत, संकेतस्थळावर असते. औषध विक्रेत्याच्या फलकावर नसते. उत्पादनाचे सुधारित नियम केंद्राने अधिसूचित केले आहेत, पण लहान कारखान्यांना त्यासाठी २०२५ अखेरपर्यंत मुदत मिळाली. मुले दगावली ती या मुदतीच्या काळात.

रुग्णाच्या हातात एक साधन मात्र आहे. गोळी सुरू केल्यावर चार ते बारा आठवड्यांत एलडीएल पुन्हा तपासावे. पुरेशी मात्रा नियमित घेऊनही आकडा हलला नाही, तर दोष मात्रेत, सातत्यात किंवा गोळीत आहे, हे तेथेच उघड होते. ही एक तपासणी सरकारी केंद्रांत मोफत आणि नियमित झाली, तर रुग्णाची काळजी आणि औषधाची परीक्षा एकाच वेळी होईल.

गोव्यासाठी धडा

‘इंडियाब’ सर्वेक्षणात मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. झटका आल्यानंतरच्या उपचारांत गोव्याने चांगली मजल मारली आहे. गोमेकॉला केंद्रस्थानी ठेवून गावोगावच्या केंद्रांना जोडणारा ‘स्टेमी’ प्रकल्प पांढुर्ण्यासारख्या जिल्ह्याला हेवा वाटावा असाच आहे. मात्र दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा भरही प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. झटक्याच्या आधीची वीस वर्षे आणि नंतरची वीस वर्षे येथेही रुग्णाच्या स्वतःच्या शिस्तीवरच सोपवलेली आहेत.

पांढुर्ण्याला या प्रश्नात दोन राज्यांमधली सीमा आडवी येते. गोव्याच्या वाटेत तशी सीमा नाही. अंतरे लहान आहेत, आरोग्य केंद्रे जवळ आहेत आणि औषधनिर्मितीचे कारखाने दाराशी आहेत. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेह्यांच्या नोंदीत स्टॅटिनचा रकाना घालणे, स्टेंट बसलेल्यांना तीन-तीन महिन्यांची गोळी जवळच्या केंद्रातून देणे, बाजारातील ॲटोर्व्हास्टॅटिनचे नमुने ठरावीक काळाने तपासून निकाल मराठी-कोंकणीत जाहीर करणे, ही तिन्ही कामे लहान राज्याला मोठ्या राज्यांआधी करून दाखवता येतील. करमुक्त सुईचा लाभ मोजक्यांना मिळेल, तो मिळावाच. बहुसंख्यांचे आयुष्य मात्र त्या जुन्या, स्वस्त गोळीवर अवलंबून आहे. ती चांगली निघते का आणि पुढच्या महिन्यातही मिळते का, याचे उत्तर देण्याची जबाबदारी राज्यांची आहे.